'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' : कुणी डोक्यावर घेतलेला, कुणी नाकं मुरडलेला सिनेमा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जॉर्ज रोमेरोचा १९६८ सालचा हा भयपट पाहून उठलेल्या दोन माणसांचं एकमत क्वचितच होतं. एकाला तो सगळ्या झॉम्बीपटांचा बाप वाटतो, दुसऱ्याला ९६ मिनिटांची शिक्षा. पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते खाली घेतले आहेत. शेवट सांगितल्याशिवाय यातल्या निम्म्या प्रश्नांना हातच घालता येत नाही. तेव्हा सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या. तो फुकट मिळतो, आणि चोरीचाही नसतो. ते कसं, हे पुढे येईल.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

बार्ब्रा आणि जॉनी ही बहीणभावंडं वडिलांच्या थडग्यावर पुष्पचक्र ठेवायला पेनसिल्व्हेनियातल्या एका आडगावच्या दफनभूमीत येतात. तिथे एक माणूस लडखडत येतो आणि अंगावर धावतो. जॉनी पडतो, बार्ब्रा पळत सुटते आणि एका एकाकी शेतघरात शिरते. मागोमाग बेन नावाचा तरुण येतो आणि दारं-खिडक्यांना फळ्या ठोकायला लागतो. मग कळतं की तळघरात आधीच पाच जण दडून बसलेत : हॅरी कूपर, त्याची बायको हेलन, त्यांची जखमी मुलगी कॅरन आणि टॉम-ज्यूडी हे तरुण जोडपं. बाहेर मेलेली माणसं उठून जिवंतांना खात सुटली आहेत. घरात सात माणसं, हातात एक रात्र. सकाळ होईपर्यंत सातही संपलेली असतात.

एवढं नाव ऐकलं होतं, मग बघताना कंटाळा का आला?

कारण यातलं जवळपास सगळं तुम्ही आधीच पाहिलंय, फक्त दुसऱ्यांच्या सिनेमांत. घरात कोंडलेली माणसं, डोक्यात गोळी घातल्याशिवाय न मरणारे मुडदे, चावा घेतला की चावलेलाही त्यांच्यातला होणार, टीव्हीवरच्या बातम्यांतून हळूहळू उलगडणारं संकट : हा सगळा साचा इथून पुढे गेला. तो पन्नास वर्षं वापरून झाल्यावर मूळ वस्तू पाहिली तर ती शिळी वाटणारच. तुमचा त्यात काही दोष नाही.

तरी एक गोष्ट सांगतो. मधला भाग खरोखरच रेंगाळतो. बेन फळ्या शोधतोय, खिळे ठोकतोय, पुन्हा फळ्या शोधतोय. या सिनेमाचे भक्त त्याला 'वातावरणनिर्मिती' म्हणतात. मला तिथली पाचेक मिनिटं कापली असती तर काही बिघडलं नसतं असंच वाटतं. मात्र बातम्यांचे तुकडे कापू नयेत. त्यातला वार्ताहर बिल कार्डील हा पिट्सबर्गच्या टीव्हीवरचा खराखुरा ओळखीचा चेहरा होता. तिथल्या पहिल्या प्रेक्षकांना आपल्या रोजच्या निवेदकाच्या तोंडून ही बातमी ऐकताना काय वाटलं असेल, याचा विचार करून ते प्रसंग बघा. शिवाय रेडिओ आधी सांगतो घरातच थांबा, नंतर टीव्ही सांगतो बाहेर पडून मदत केंद्र गाठा. करोनाच्या वर्षात सूचना रोज कशा फिरायच्या ते आठवणाऱ्याला हा भाग संथ वाटत नाही.

अभिनय हौशी आहे ही तक्रार खरी का?

बऱ्याच अंशी. रोमेरो आणि त्याचे मित्र पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट बनवायचे. त्यांनी स्वतःचे आणि ओळखीपाळखीच्या लोकांचे पैसे गोळा केले आणि सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये सिनेमा उरकला. हॅरी कूपर झालेला कार्ल हार्डमन हा निर्मात्यांपैकीच एक, कॅरन झालेली मुलगी त्याची स्वतःची लेक, आणि पहिल्याच प्रसंगात मरणारा जॉनी म्हणजे दुसरा निर्माता रसेल स्ट्रायनर. घरचंच कार्य होतं म्हणा ना. टॉम आणि ज्यूडीचे प्रेमाचे संवाद ऐकताना आजही अवघडल्यासारखं होतं.

पण सगळ्यांना एका तराजूत तोलू नका. बेन झालेला ड्वेन जोन्स रंगभूमीवरचा मुरलेला माणूस होता आणि ते कळतं. मेरिलिन ईस्टमनची हेलनही फार नेमकी आहे. नवऱ्याचा तिटकारा आलेली, तरी मुलीपायी त्याच्याबरोबर अडकलेली बाई तिने तळघरातल्या दोन-तीन प्रसंगांत उभी केली आहे. कूपर आरडाओरडा करतो तो जरा जास्त, हे कबूल. पण असा एक तरी काका प्रत्येक सोसायटीच्या वार्षिक सभेत असतोच.

तळघराच्या भांडणात बरोबर कोण, बेन की कूपर?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सिनेमाचं खरं मर्मही हेच. म्हणून इथे जरा थांबतो.

कूपरचं म्हणणं असं की तळघराला एकच दार आहे, ते आतून घट्ट बंद होतं, रात्र तिथेच काढू. बेनचं म्हणणं असं की तळघर म्हणजे सापळा. दार तुटलं तर पळायला वाट नाही. वर राहिलो तर रेडिओ-टीव्ही ऐकता येतो, ट्रकमध्ये पेट्रोल भरून निसटताही येईल. पहिल्यांदा बघताना आपण बेनच्या बाजूने असतो. तो धीट आहे, कामसू आहे, बार्ब्राला सांभाळतो. कूपर भित्रा, आढ्यताखोर, बायकोवर खेकसणारा. वरच्या मजल्यावर बाईच्या किंकाळ्या ऐकू येत असूनही तो बाहेर आलेला नसतो.

आता घटना बघा. बेनची योजना अमलात येते आणि टॉम-ज्यूडी ट्रकसकट जळून मरतात. फळ्या तुटतात, मुडदे आत शिरतात, बार्ब्राला तर तिचा मेलेला भाऊच ओढून नेतो. आणि बेन वाचतो कुठे? तळघरात. ज्या जागेला त्याने सापळा म्हटलं त्याच जागेत दार लावून तो एकटा रात्र काढतो.

इथे काही प्रेक्षक जाहीर करून टाकतात की कूपर बरोबर होता, नायकाने सगळ्यांना मारलं. एवढं सोपं ते नाही. कूपरचं ऐकून सातही जण खाली गेले असते तर त्यांच्यासोबत कॅरनही असती. तिला चावा बसलेला आहे हे आईबापांना माहीत आहे, पण त्याचा अर्थ कुणालाच उमगलेला नाही. मध्यरात्री ती उठली असती तेव्हा एकच दार, तेही आतून अडवलेलं, आणि अंधारात सहा माणसं. म्हणजे सापळा शब्द चुकीचा नव्हता. बेनला फक्त ठाऊक नव्हतं की सापळ्यातला धोका बाहेरून येणार नाही.

दोघांकडेही अर्धं अर्धं खरं आहे, आणि दोघांचे अर्धे भाग एकत्र येत नाहीत. सिनेमा कुणाचीही पाठ थोपटत नाही. बेन शूर आहे म्हणून त्याचा निर्णय शहाणा ठरत नाही, आणि कूपरचा मुद्दा पटण्यासारखा असला म्हणून तो माणूस बरा ठरत नाही. तुला स्वतःचं खरं झालेलं हवंय, बाकीच्यांचं खोटं, हा टोला नवऱ्याला हाणते ती हेलनच. जो आवडतो तो चुकतो आणि जो आवडत नाही त्याच्या बोलण्यात तथ्य निघतं, हे पचवणं अनेकांना जड जातं. 'सिनेमा आवडला नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना नेमकं हेच खुपलेलं असतं, असं मला त्यांच्याशी बोलताना जाणवतं.

बेन कूपरला गोळी घालतो ते मात्र विसरू नका. कूपरने बंदूक हिसकावली होती, त्याआधी बेन बाहेर असताना दार उघडलं नव्हतं, सगळं मान्य. तरी त्या घरात जिवंत माणसाला गोळी घालणारा पहिला माणूस नायकच आहे.

बार्ब्रा अख्खा सिनेमा सोफ्यावर बसून असते. हे बाईचं कसलं चित्रण?

तक्रार रास्त आहे. भाऊ डोळ्यांदेखत मारला गेल्यावर माणूस सुन्न होतो हे खरं, आणि ज्यूडिथ ओ'डीने ती बधिरता चांगली दाखवली आहे असं म्हणणारेही बरेच आहेत. पण कथेने तिला दुसरं काही करायला दिलेलंच नाही. ज्यूडी प्रियकराच्या मागे धावते आणि मरते. उरली हेलन, जिला अक्कल आहे पण जिचं कुणी ऐकत नाही.

हे खुद्द रोमेरोलाही जाणवलं असावं. १९९० साली टॉम सॅव्हिनीने दिग्दर्शित केलेल्या नव्या आवृत्तीची पटकथा रोमेरोनेच लिहिली, आणि त्यातली बार्बरा बंदूक हाती घेते, 'हे इतके हळू चालतात, आपण सरळ त्यांना ओलांडून जाऊ शकतो' हे ओळखते, आणि जिवंत बाहेर पडते. गंमत म्हणजे आता उलटा वाद चालतो : ती आवृत्ती जास्त शहाणी, पण कमी भीतीदायक. मी या दुसऱ्या मताचा.

बेन कृष्णवर्णीय आहे म्हणून सिनेमा वर्णभेदावरचा, की हा नंतर चिकटवलेला अर्थ?

रोमेरो आयुष्यभर एकच उत्तर देत राहिला : जोन्सची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून त्याला घेतलं. पटकथेत बेनच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. मूळचा बेन एक रांगडा ट्रक ड्रायव्हर होता. जोन्सने आपले संवाद बदलून त्याला शांत, विचारी माणूस केलं. चित्रीकरण १९६७ मध्ये झालं, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या आधी. सिनेमाची प्रत गाडीत घालून रोमेरो आणि स्ट्रायनर वितरक शोधायला न्यूयॉर्कला निघाले होते, तेव्हा, एप्रिल १९६८ मध्ये, ती बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. ही आठवण रोमेरो पुष्कळदा सांगायचा.

तेव्हा 'लेखकाने हे ठरवून केलं' असा दावा टिकत नाही. पण तेवढ्याने प्रश्न मिटतो का? सिनेमा कॅमेऱ्यासमोर घडला तो जोन्सच्या अंगाने. त्याला थोबाडीत मारणारी गोरी मुलगी आणि तिला उलट ठोसा लगावणारा काळा माणूस, हा प्रसंग १९६८ च्या अमेरिकेत निव्वळ 'तो आणि ती' असा दिसूच शकत नव्हता. घरात कुणीही त्याच्या रंगाबद्दल अवाक्षर काढत नाही. या मौनामुळे काहींना वाटतं की मुद्दा नाहीच, आणि काहींना वाटतं की म्हणूनच तो जास्त टोचतो. मी टोचणाऱ्यांच्या बाजूने आहे. कूपरला बेनचा इतका राग का येतो, हे सिनेमाने सांगितलेलं नाही. ते त्याने सांगायला नकोच होतं.

आणि शेवट. सकाळी शेरीफची माणसं बंदुका आणि कुत्रे घेऊन शेतातून येतात. बेन तळघरातून वर येऊन खिडकीतून डोकावतो. मुडदा समजून त्याच्या कपाळात गोळी घालतात. पुढची चित्रं हलत नाहीत. वर्तमानपत्रातल्यासारखी भरड, ठिपक्याठिपक्यांची छायाचित्रं : मांस लटकवायचे आकडे बेनच्या देहात रोवून त्याला ओढत नेणारी गोरी माणसं, मग जळणारा ढीग. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या जमावांनी केलेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांची छायाचित्रं तिथल्या प्रेक्षकाने पाहिलेली होती. त्याला दुभाष्याची गरज नव्हती. बेनला वाचवण्याचा गोड शेवट करण्यापेक्षा तो मेलेलाच कृष्णवर्णीय प्रेक्षकांना पटेल, असं आपण रोमेरोला समजावलं होतं, असं जोन्सने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. त्यामुळे 'अर्थ नंतर चिकटवला' म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रतिप्रश्न आहे : दिग्दर्शकाला नसेल, पण नटाला पुरतं ठाऊक होतं, ते कुठल्या खात्यात धरायचं?

एवढा निराश शेवट कशाला? गोड करता आला नसता?

तशी मागणी झाली होती. एका वितरकाला शेवट बदलून हवा होता. या मंडळींनी तो बदलला नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हा भीतीदायक का वाटत नाही?

माझा अंदाज सांगतो. आपल्या भुतांना कारण असतं. मुंजा मुंज होऊन लग्नाआधी गेलेला, हडळ बाळंतपणात गेलेली. वासना राहिलेली असते, ती कळली की उतारा असतो, नारळ असतो, देवस्कीचा माणूस असतो. कोकणात वाढलेल्या माणसाला भूत म्हणजे ओळखीचा अडलेला जीव. रोमेरोच्या मुडद्यांना काहीच नको असतं. सूड नाही, इच्छा नाही, फक्त भूक. त्यांच्याशी बोलता येत नाही, त्यांना काही कबूल करता येत नाही. ज्यांना भुताकडून गोष्ट हवी असते त्यांना हे पोकळ वाटतं. मला तीच पोकळी भिववते. जॉनी परत येतो तेव्हा बहिणीला ओळखून येत नाही, आणि ओळख नसतानाही तिलाच धरून नेतो.

मेलेले उठतात कशामुळे? सिनेमात नीट सांगितलेलं नाही.

शुक्रावरून परतणाऱ्या यानातल्या किरणोत्साराचा उल्लेख बातम्यांत येतो, तोही शास्त्रज्ञ आणि लष्करी अधिकारी आपसात वाद घालतायत अशा स्वरूपात. ठाम उत्तर नाही. रोमेरोने पुढच्या भागांत तर कारणाचा नादच सोडला, आणि ते बरं केलं.

पहिला मुडदा चक्क धावतो, दगडाने काच फोडतो. मग नियम कुठे गेले?

नियम तेव्हा बनायचेच होते. कॅरन तर आईला बागकामाच्या खुरप्याने मारते. 'झॉम्बी' हा शब्दही सिनेमात कुठे नाही. पात्रं त्यांना पिशाच्चं वगैरे म्हणतात. त्याआधी पडद्यावरचे झॉम्बी म्हणजे हैतीच्या लोककथांतले, मांत्रिकाचे गुलाम. मांसभक्षक झुंडी ही या सिनेमाची देणगी, आणि रिचर्ड मॅथेसनच्या १९५४ च्या 'आय ॲम लेजंड' कादंबरीचं ऋण रोमेरो उघडपणे मानायचा. मेंदू खाण्याची टूम मात्र याच्यातली नाही. ती १९८५ च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' या वेगळ्या विनोदी सिनेमातून आली.

प्रदर्शित झाला तेव्हा लोक काय म्हणाले?

१ ऑक्टोबर १९६८ ला पिट्सबर्गमध्ये पहिला खेळ झाला. चित्रपट-व्यवसायाचं वजनदार पत्र 'व्हरायटी'ने निर्माते आणि वितरक यांच्या नैतिकतेवरच प्रश्नचिन्ह लावलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने चार ओळींत वासलात लावली. पण सर्वांत गाजला तो शिकागोचा समीक्षक रॉजर ईबर्टचा लेख. तो दुपारच्या खेळाला गेला होता. थिएटर लहान मुलांनी भरलेलं. सुरुवातीला मुलं ओरडत, हसत होती. मग आवाज बंद झाला. आसपास नऊएक वर्षांची एक मुलगी न हलता बसून रडत होती.

हा लेख 'सिनेमावरची टीका' म्हणून फिरवला जातो, पण ईबर्टचा रोख मुलांना आत सोडणाऱ्यांवर होता. वयानुसार वर्गवारीची अमेरिकी पद्धत सुरू झाली नोव्हेंबर १९६८ मध्ये. त्याआधी तिकिटाचे पैसे असलेलं कुणीही पोरगं आत जाऊ शकत होतं, आणि भयपट म्हणजे शनिवारची गंमत अशीच आईबापांची समजूत होती.

पुढे मध्यरात्रीच्या खेळांनी तो तरला, आणि १९९९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने त्याला राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जागा दिली.

मांस खाण्याचे प्रसंग फारच किळसवाणे आहेत. गरज होती का?

रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं. कृष्णधवल असल्यामुळे ते खपून गेलं. आतडी मात्र खाटकाकडची होती. आजच्या मानाने हे प्रसंग मोजकेच आहेत, पण ते नेमके टॉम-ज्यूडीच्या मरणानंतर येतात, म्हणून झोंबतात. मला गरज वाटते. ज्याला वाटत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

हा सिनेमा फुकट कसा काय मिळतो?

नाव बदलण्याच्या घोळामुळे. आधीचं नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. वितरकाने, म्हणजे वॉल्टर रीड ऑर्गनायझेशनने, ते बदललं आणि नवी नावपट्टी लावताना स्वामित्वहक्काची ओळ गाळली गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात प्रतीवर ती सूचना नसेल तर हक्कच उरत नसे. सिनेमा जन्मतःच सार्वजनिक मालकीचा झाला. बनवणाऱ्यांचे पैसे बुडाले, आणि त्याच कारणाने तो प्रत्येक छोट्या टीव्ही केंद्रावर, प्रत्येक स्वस्त कॅसेटवर पोचला. त्याच्या कीर्तीत या चुकीचा वाटा फार मोठा आहे.

मग कोणती प्रत पाहावी?

यावर मात्र वाद नको. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मूळ निगेटिव्हवरून ४के प्रत तयार केली, रोमेरोच्या देखरेखीखाली. तीच पाहा. फुकटच्या बऱ्याच प्रती इतक्या धूसर आणि काळवंडलेल्या आहेत की 'काही दिसतच नाही' ही तक्रार मुळात त्या प्रतींबद्दलची असते. रंगीत केलेल्या आवृत्त्या टाळा. १९९९ मध्ये नवे प्रसंग घुसवून काढलेली तिसाव्या वर्षाची आवृत्ती तर चुकूनही लावू नका. सहलेखक जॉन रूसोच्या त्या उद्योगावर चाहते अजून खवळतात, आणि खवळावंच.

मुलांना दाखवावा का?

लहानांना नाही. आईला मारणारी मुलगी हा प्रसंग वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही. दहावीच्या पुढच्यांना खुशाल दाखवा, पण आधी सांगा की पहिला अर्धा तास फोन बाजूला ठेवायचा.

हा आवडला, आता पुढे काय?

रोमेरोचाच 'डॉन ऑफ द डेड', १९७८ चा, मॉलमध्ये घडणारा. रंगीत, लांब, आणि बराच विनोदी. 'डे ऑफ द डेड' १९८५ चा, त्यात माणसं अजून जास्त भांडतात. मराठीतच काही हवं असेल तर आदित्य सरपोतदारचा २०२२ चा 'झोंबिवली' आहे. तिथे मुडदे डोंबिवलीत उठतात आणि पाणी कुणाला मिळतं, कुणाला नाही हा प्रश्नही सोबत उठतो. त्यात हसणं जास्त, भिणं कमी. पण संकटात सोसायटीचं फाटक कुणासाठी उघडायचं, यावरची हमरीतुमरी बघताना कूपर आठवल्याशिवाय राहत नाही.

हा आवडला नाही, तर पुढचे बघावेत का?

'डॉन' बघा. पहिला न आवडलेल्या पुष्कळांना तो आवडतो. तोही नाही आवडला, तर झॉम्बी सोडा आणि निवांत दुसरं काही लावा.